डिस्पोजलची जीप, आरटीओ आणि ‘मूळ स्वरूप’

जुनी लष्करी जीप बघायला गेलात तर आधी खाली वाका आणि रेडिएटरच्या खालून चासीत नजर टाका. चासीच्या दोन लांब पट्ट्यांना पुढे जोडणारा आडवा तुकडा गोल नळीचा असेल तर गाडी विलिसची, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्डची. पत्रा, बॉनेट, जाळी, दिवे यांच्यावरून काही ठरवू नका. ऐंशी वर्षांत ते सगळं चार-चार वेळा बदललेलं असतं. चासी मात्र सहसा कुणी बदलत नाही, कारण तिच्यावर नंबर असतो आणि नंबर गेला की गाडीच गेली.

माझ्याकडे जी आली तिच्या आरसी बुकात ‘विलिस जीप’ लिहिलं होतं आणि आडवा तुकडा फोर्डचा होता. गारगोटीच्या पुढे एका मळ्यात ती उभी होती. मालकांना ती भंगारात घालायची होती, पण भंगारवाल्यानं किलोवर सांगितलेला भाव ऐकून त्यांचं मन होईना. मी कोल्हापुरात उद्यमनगरात लेथ आणि बोअरिंगचं वर्कशॉप चालवतो. इंजिनं उघडण्यात आयुष्य गेलंय, तरी दुसऱ्या महायुद्धातली गाडी नट-बोल्टापासून उभी करायची आणि वर ती सरकारदरबारी मान्य करून घ्यायची, हे काम पहिल्यांदाच अंगावर घेतलं. अशी एखादी गाडी कुणाच्या गोठ्यात पडून असेल तर त्याला उपयोग होईल म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

विलिस की फोर्ड, हा घोळ तसा सोपा आहे. अमेरिकन लष्कराला हव्या तितक्या जीपा एकट्या विलिसच्या कारखान्यातून निघेनात, म्हणून तीच ड्रॉइंगं फोर्डला दिली गेली. १९४१ ते १९४५ या काळात दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. लष्कराची अट अशी, की एकाचा भाग दुसऱ्याच्या गाडीला बसलाच पाहिजे. फोर्डनं मात्र आपल्या भागांवर, अगदी बोल्टाच्या डोक्यावरसुद्धा, एफ हे अक्षर उठवून ठेवलं. बंपर धरणाऱ्या एका तीन सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बोल्टावर मी रॉकेलची चिंधी रात्रभर गुंडाळून ठेवली आणि सकाळी पितळी ब्रशनं तो घासला. आधी डांबर सुटलं, मग लाल ऑक्साइड, मग हिरव्या रंगाची पापडी, आणि डोक्याच्या मधोमध कित्त्यात गिरवल्यासारखा वळणदार एफ वर आला. त्यानंतर वर्कशॉपमधल्या पोरांना नादच लागला. जेवणाच्या सुट्टीत जो तो ब्रश घेऊन गाडीखाली. एफ किती उरलेत त्यावरून गाडीचं किती शिल्लक आहे याचा अंदाज येत गेला. चासीवर भरपूर, पुढच्या ॲक्सलवर बरेच, बॉडीवर तुरळक, आणि इंजिनाजवळ एकही नाही.

इंजिनाजवळ असणार कुठून? बॉनेटखाली डिझेल इंजिन होतं.

आरसी बुकानं आणखी एक मजा दाखवली. त्यात इंजिन नंबर आणि चासी नंबर हे दोन्ही रकाने एकाच आकड्यानं भरलेले. एजंटानं कपाळाला हात लावला. म्हणाला, ‘साहेब, जुन्या क्लार्कनं एकच नंबर दोनदा उतरवलाय. हे पास होणार नाही, दुसरं गिऱ्हाईक बघा.’ पण क्लार्कनं चोख काम केलं होतं. फोर्डच्या कारखान्यात चासीवर तोच नंबर ठोकत जो इंजिनावर असे, आणि आधी जीपीडब्ल्यू ही अक्षरं. म्हणजे ही गाडी नागरी नोंदणीला पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिच्या पोटात तिचंच इंजिन होतं. ‘विलिस’ हे नाव मात्र सवयीनं पडलं असणार. त्या काळात आपल्याकडे जीप म्हणजे विलिसच. चासीवरचा नंबर इंजिनाच्या पायाजवळ, वरच्या अंगाला असतो. पॉलिश पेपर मारून, पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं घासला तेव्हा सगळे आकडे बुकाशी जुळले. तो छाप मी लगेच लॅमिनेट करून घेतला. पुढे सगळ्यात जास्त तोच कामाला आला.

पत्र्याचं काम सुरू करण्याआधी रंग थरथरानं उतरवला. डेंटिंगवाल्याचा आग्रह होता की सँडब्लास्टिंग करून एका दुपारी मोकळं होऊ. मी नको म्हटलं. ब्लास्टिंगनं पत्रा स्वच्छ होतो पण त्यावरचं लिखाणही जातं. बॉनेटच्या बाजूंना पाणी लावून बारीक पेपरनं घासत गेलो. वरचा निळा रंग वडापच्या दिवसांतला. (वडाप म्हणजे काय हे आमच्या भागाबाहेरच्यांसाठी: जीपमध्ये माणसं कोंबून गावोगाव सोडणं.) निळ्याखाली क्रीम, त्याखाली लष्करी हिरवा, आणि हिरव्यावर फिकट पांढऱ्या आकड्यांची सुरुवात: २०. बाकीचे आकडे मध्येच पत्रा कापल्यानं अर्धे गेले होते, पण एवढं पुरे होतं. अमेरिकन लष्करात जीपच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात वीसनं होत असे, तर ब्रिटिश पद्धतीत आकड्याआधी एम अक्षर लावत. म्हणजे ही गाडी भारतात आलेल्या अमेरिकन फौजेची.

अमेरिकनांचा इथला पसारा मुख्यतः पूर्वेकडे होता. आसामातल्या लेडोहून ब्रह्मदेशातून चीनपर्यंत त्यांनी रस्ता काढला. १२ जानेवारी १९४५ ला पहिला ताफा लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. त्यानंतर सात महिन्यांच्या आत जपाननं शरणागती पत्करली आणि ज्या गाड्यांसाठी एवढा डोंगर फोडला त्यांची कुणाला गरज उरली नाही. सैनिकांना घरी जायची घाई. गाड्या जहाजात घालून परत न्यायच्या तर भाडं अंगावर, आणि तिथल्या कारखानदारांनाही जुना माल बाजारात परत यायला नको होता. जगभर हाच प्रश्न पडला आणि जागोजागी वेगळं उत्तर निघालं. पॅसिफिकमधल्या एस्पिरितू सांतो बेटावर, म्हणजे आजच्या वानुआतूत, अमेरिकनांनी ट्रक, बुलडोझर, जीपा सरळ समुद्रात ढकलल्या. त्या जागेला आजही मिलियन डॉलर पॉइंट म्हणतात. फिलिपाइन्समध्ये लोकांनी उरलेल्या जीपा लांब करून, बाकडी टाकून त्यांच्या ‘जीपनी’ नावाच्या प्रवासी गाड्या केल्या. ते वाचलं तेव्हा मला आमचं वडाप आठवून हसू आलं.

आपल्याकडे मे १९४६ मध्ये अमेरिकेशी लेंड-लीजचा, म्हणजे युद्धात अमेरिकेनं मित्रदेशांना उधारीवर दिलेल्या मालाचा, हिशेब मिटला, इथे उरलेला अमेरिकन माल भारत सरकारच्या ताब्यात आला आणि डिस्पोजल खात्यामार्फत विकला गेला. जुन्या मेस्त्रींच्या तोंडी ‘डिस्पोजलची गाडी’, ‘डिस्पोजलचा टायर’, ‘डिस्पोजलचा तंबू’ असं जे यायचं ते तिथलं. आमच्या गल्लीत एक तात्या आहेत, नव्वदीला टेकलेले. त्यांच्या वडिलांचं सायकल आणि मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांना विचारलं, तात्या, तेव्हा गाडी घ्यायची कशी? म्हणाले, ‘आरं, गाडी बघून न्हाई मिळायची. लाट (म्हणजे लॉट) घ्यायची. लाटंत धा गाड्या आल्या तर चार चालत्या, बाकीच्या मुडदी. मग मुडद्याचं काढायचं आनि जित्याला लावायचं. माझ्या बानं मोटारीच्या लाटंसंगं खिळ्यांची पिंपंबी घरी आनली. त्ये खिळं अजून संपल्याती व्हय?’ एवढं बोलून त्यांनी नातवाला आत पाठवलं आणि खरोखरच डबाभर खिळे आणून दाखवले.

तात्यांचं ऐकल्यावर माझ्या गाडीचं कोडं सुटायला लागलं. ती मुळात लढाईतून आलेली एक गाडी राहिलेलीच नव्हती. तिची मागची ॲक्सल विलिसची निघाली, स्टिअरिंगचा डबा महिंद्राचा, कमानपाटे कुठल्या तरी स्थानिक भट्टीतले.

महिंद्राचं नाव आलंच आहे तर थोडं थांबतो. के. सी. महिंद्रा युद्धकाळात भारताच्या पुरवठ्याच्या कामासाठी अमेरिकेत होते आणि जीपशी त्यांची ओळख तिथली. १९४५ मध्ये कंपनी निघाली आणि १९४७ मध्ये विलिसच्या पंच्याहत्तर जीपा जोडण्यासाठी सुट्या भागांत आणल्या गेल्या. त्या धंद्यामुळे डिस्पोजलच्या जीपांना आयुष्य मिळालं. महिंद्राच्या पुढच्या जीपा त्याच घराण्यातल्या असल्यानं ट्रान्सफर केसपासून (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा) क्रँकपर्यंत पुष्कळ काही थोड्या घासकामानं बसतं. फिएट किंवा मॉरिस असती तर विसाव्या वर्षीच ती भट्टीत गेली असती.

आणि एक गंमत. देशभर डिस्पोजलच्या जीपा विकल्या जाऊन जेमतेम दोन वर्षं होत होती, तोवर काश्मीरच्या लढाईसाठी जीपांचा तुटवडा पडला. १९४८ मध्ये लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी दोन हजार दुरुस्त केलेल्या जुन्या लष्करी जीपांचा सुमारे ऐंशी लाखांचा सौदा केला. प्रत्यक्षात मद्रास बंदरात उतरल्या १५५, आणि त्याही वापरायच्या लायकीच्या नाहीत असं ठरलं. संसदेत बराच गदारोळ झाला, १९५५ मध्ये सरकारनं प्रकरण बंद केलं. जुनी जीप ‘रिकंडिशन्ड’ म्हणून न बघता घेणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं. रंग मारला की पन्नास दोष झाकतात, हे त्या वेळच्या विक्रेत्यांनाही ठाऊक होतं.

तर आता इंजिन. मूळ इंजिन ‘गो डेव्हिल’ नावाचं: चार सिलिंडर, १३४ घनइंच, म्हणजे २.२ लिटर, साठ हॉर्सपॉवर. ते कधी तरी थकलं आणि त्याच्या जागी महिंद्राचं पेट्रोल हरिकेन बसवलं गेलं. ते उंचीला जास्त. बॉनेट बसेना म्हणून कुणी तरी मधोमध पत्रा कापून वर डबा वेल्ड केला. मग पेट्रोल परवडेना म्हणून हरिकेन गेलं आणि डिझेल आलं. मला स्वतःला यात वावगं काही वाटत नाही. डिझेल बसलं म्हणून गाडी कमावत राहिली, कमावत राहिली म्हणून कुणी कापली नाही. रॅलीत चकाचक गाड्या घेऊन येणारे काही लोक अशा गाड्यांना ‘खराब केलेल्या’ म्हणतात तेव्हा मला राग येतो. त्यांच्या चकाचक गाडीतले निम्मे भाग अशाच खराब केलेल्या गाड्यांतून आलेले असतात.

पण सरकारचा नियम रॅलीवाल्यांच्या बाजूचा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली दुचाकी वा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. अर्ज ऑनलाइन, सोबत विमा आणि जुनं आरसी. नवी नोंदणी असेल तर फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार. नव्या नोंदणीला राज्याच्या अक्षरांपुढे व्हीए असलेला नंबर मिळतो, पण आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. माझ्या गाडीचा जुना नंबर मला हवाच होता. अडचण एकच: डिझेल इंजिन म्हणजे सरळसरळ फेरफार.

मग गो डेव्हिलचा शोध सुरू झाला. त्यात पानागढला जाऊन आलो. पश्चिम बंगालमध्ये, वर्धमानच्या पुढे, ग्रँड ट्रंक रोडवरचं गाव. युद्धात तिथे मोठा लष्करी तळ होता, आजही लष्कर आणि हवाई दल तिथे आहे, आणि गाड्या तोडायचा बाजार तर सगळ्या पूर्व भारतात प्रसिद्ध. रस्त्याच्या कडेनं दुकानं. एकाकडे नुसत्या ॲक्सली, पुढच्याकडे गिअरबॉक्स, तिसऱ्याकडे केबिनी एकावर एक. मी इंचात माप सांगितलं तर काउंटरवरच्या पोरानं मोबाइल काढला, पण मागून त्याचा चाचा उठून आला आणि माझ्या हातातला गिअर बोटांनी चाचपून म्हणाला, ‘पुराना फोर्ड।’ त्याच्याकडे ट्रान्सफर केसचा एक शाफ्ट आणि दोन तुकड्यांची बोल्टवाली लष्करी रिम मिळाली. इंजिन मात्र नव्हतं. युद्धकाळातलं तिथलं सगळं केव्हाच वितळून गेलंय. आता माल असतो तो अलीकडच्या ट्रकांचा.

इंजिन मिळालं घराजवळ, निपाणीच्या अलीकडे. विहिरीवर पंपाला जोडलेलं होतं, वर्षानुवर्षं रॉकेलवर चालवलेलं. ब्लॉकवरचा नंबर एमबीनं सुरू होणारा, म्हणजे विलिसचं. ते वर्कशॉपला आणून उघडलं. या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या शेजारी उभे असतात, आणि सिलिंडर व व्हॉल्व्हसीट यांच्यामधल्या अरुंद भिंतीला तडा जाण्याचा त्याचा जुना रोग आहे. आमच्यात दोन ठिकाणी तडा होता. मूळ बोअर सव्वातीन इंचाला एक सूत कमी, म्हणजे ७९.४ मिलिमीटर. आधी कुणी तरी तो जितका वाढवता येईल तितका वाढवून ठेवलेला, त्यामुळे आणखी कापायला जागाच नव्हती. चारही सिलिंडरला लायनर घातले, तडे शिवून घेतले, सीटच्या रिंगा नव्या टर्न केल्या. पाण्याच्या जाकिटातून निघालेला गाळ बघून पोरगा म्हणाला, ‘मालक, हितं भाजीपाला येईल.’ हे सगळं उद्यमनगरात एका हाकेच्या अंतरात झालं. कास्टिंगवाला, क्रँक ग्राइंडिंगवाला, व्हॉल्व्हगाइड बनवणारा. बाहेरून मागवले ते गॅस्केटचा सेट आणि कार्टर कार्ब्युरेटरचा किट. रबरी नळ्या मुद्दाम इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, आजच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर टिकत नाही.

बॉनेटवरचा डबा काढून पत्रा जोडला, मागचा वडापसाठी कापलेला फळा बंद केला, हेडलाइट परत बिजागरीवर बसवले. या जीपचे दिवे उलटे फिरवता येतात, रात्री त्यांच्याच उजेडात इंजिनाचं काम करायला. बॉनेटवरचं ते २० तेवढं ठेवलं, भोवती रंग मारला. पेंटरला ते अजिबात पटलं नाही.

तपासणीला गाडी नेली तेव्हा समितीतले एक तरुण अधिकारी बराच वेळ गाडीखाली वाकून होते. उठून म्हणाले, ‘चासी फोर्ड, इंजिन विलिस, बुकात विलिस. मूळ स्वरूप कुठलं समजायचं?’ मी बुकातले दोन सारखे नंबर दाखवले, चासीचा पेन्सिल-छाप दाखवला, इंजिन त्याच जातीचं आहे आणि बदलाची नोंद कागदावर रीतसर केली आहे हे दाखवलं. मग म्हटलं, साहेब, युद्धातच बेस वर्कशॉपात हे असं व्हायचं. इंजिन गेलं की उचलून दुसरं टाकायचे, फोर्डचं की विलिसचं कोण बघतोय? भाग एकमेकांना बसावेत ही लष्कराचीच अट होती. त्यांनी एफ असलेला बोल्ट बघायला मागितला. दाखवला. मग आणखी दोन बघितले, आपल्या मोबाइलमध्ये फोटो काढले, आणि बुकात ‘फोर्ड’ अशी दुरुस्ती सुचवून कागद पुढे पाठवला. एजंट त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त खूश होता. जुना नंबर कायम राहिला.

काढलेलं डिझेल इंजिन दुसऱ्याच आठवड्यात एका गुऱ्हाळवाल्यानं नेलं.

आता राहिला वापर. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल आणि इंधन भरणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर काढायची. जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणून पंपावर आधी आपण उतरायचं, गादी उचलायची, मग नळी आत. टाकीत छप्पन-सत्तावन्न लिटर मावतं. पंपावरचा पोरगा दर वेळी विचारतो, ‘काका, फुल्ल करू?’ मी पाचच लिटर टाकायला सांगतो. एकदम फुल्ल केली तर परत पेट्रोल भरायला यायला कारण कुठलं?